टाकीचं झाकण

(पावसाचा आवाज. स्लिपवेवर, म्हणजे काठाच्या उतारावर, ओढून घेतलेली बार्ज, खनिज वाहणारी सपाट बोट.)

जुलै महिना. मांडवीकाठच्या या यार्डात बार्ज पाण्याबाहेर येऊन आठ दिवस झालेत. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक थांबते, आग्वादला, मांडवीच्या तोंडाशी, दर्या खवळलेला असतो, म्हणून तळाचे पत्रे बदलायचे ते याच दिवसांत. वरून गंजलेलं लोखंड तेवढं दिसतं. पण हिच्या पोटात बंद टाक्या आहेत, आणि आजचं काम त्यातल्या एकीत आहे.

(मॅनहोलचं झाकण. पाना, नट.)

नट सुटले, झाकण बाजूला झालं. एरवी यापुढचं ठरलेलं असतं. वेल्डर टॉर्च उचलतो आणि शिडीवर पाय टाकतो. आज कोणी उतरत नाही. निळ्या बॉयलर सूटमधला इंजिनिअर झाकणापाशी हात आडवा धरून उभा आहे. डिचोली तालुक्यातला. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल करून आखातातल्या एका जहाजदुरुस्ती गोदीत कामाला लागला, तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

त्याच्या हातातलं पिवळं मीटर जवळून बघा. मुठीत मावेल एवढं. त्यावर चार आकडे येतात: ऑक्सिजन, पेट घेणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. मीटरला नळी लावून तो ती टाकीत सोडतो. आधी वर, मग मध्यावर, मग पार तळाला. प्रत्येक जागी थांबतो, कारण नळीतून हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. १९.५ च्या खाली आकडा असेल तर आत जायचं नाही. तळाशी आलाय १७.

या टाकीत कोणी काही भरलं नव्हतं, काही सांडलंही नव्हतं. मग ऑक्सिजन गेला कुठे? गंजात. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, आणि महिनोन्महिने बंद टाकीत नवी हवा शिरत नाही. अशा हवेला ना वास, ना रंग. माणूस चार पायऱ्या उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही तिथेच पडतो. जगभरच्या गोद्यांत माणसं अशी गेली आहेत.

(ब्लोअर सुरू होतो.)

ब्लोअरचा पाइप तळापर्यंत पोचवायचा, नाहीतर वरचीच हवा वर फिरत राहते. पलीकडचं दुसरं झाकणही उघडायचं, म्हणजे आतली हवा तिकडून निघून जाईल. दोन तास हे असंच. मग पुन्हा तीन जागी मोजणी. मग परमिटचा कागद: आत कोण जाणार, किती वाजता, बाहेर दोर धरून कोण बसणार. बाहेरच्या माणसाने काहीही झालं तरी आत उडी घ्यायची नाही. हाक मारायची, दोर ओढायचा, मदत बोलवायची.

हे सगळं तो परदेशात शिकला का? पुस्तकातलं त्याला इथेच शिकवलं होतं. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचं ३६ वं कलम याचबद्दल होतं. तिकडे त्याला लागली ती सवय. पहिल्याच महिन्यात परमिटवर एक सही राहिली म्हणून अख्ख्या पाळीचं काम थांबलेलं त्याने पाहिलं, आणि काम थांबवणाऱ्याला कोणी एक शब्द बोललं नाही. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हाताला जे वळण लागतं ते सहसा सुटत नाही. म्हणून हा अनुभव कोवळ्या वयात मिळावा असं मला मनापासून वाटतं. अर्थात, काम हाताखालून गेलं तरच. त्याच्याबरोबर गेलेल्यांतले काही जण चार वर्षं सामानाच्या याद्या भरत बसले होते.

(जुनं चित्रण. नदीत रांगेने नांगरलेल्या बार्जी, ताडपत्री टाकलेले ट्रक.)

गोवा त्याने हौसेने सोडला नव्हता. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने इथल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या, ट्रक थांबले, बार्जी थांबल्या. त्याच वर्षी त्याच्या हाती पदवी आली. ज्या गोव्यात वास्कोला १९५७ साली बार्ज बांधायला म्हणून सुरू झालेली गोदी पुढे नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजं बांधू लागली, त्या गोव्यात नदीकाठच्या लहान यार्डांकडे नव्या पोरांना द्यायला काम उरलं नव्हतं.

(तेलाचे डाग पडलेली वही.)

ही वही तो चार वर्षांनी गोव्यात परत आला त्यानंतरची. तिकडे सुटा भाग हवा असला की नंबर टाकून मागवायचा. इथे वेल्डरमामा तो पत्र्याच्या तुकड्यातून घडवतात. कुठल्या तिथीची भरती किती चढते, बार्ज केव्हा ओढायला घ्यायची, हे मामांच्या तोंडी. पहिलं वर्षभर तो ही वही घेऊन त्यांच्या मागे फिरला. पानापानावर भरतीच्या वेळा आहेत, मधेच पत्र्याची जाडी, मधेच मामांनी काढून दिलेली ब्रॅकेटची आकृती.

त्याआधी एका कारखान्यात मुलाखत झाली होती. "इथला अनुभव किती?" असं विचारून त्यांनी चार वर्षांचं शून्य केलं. आमच्या उद्योजकांना कळकळीची विनंती आहे, अशा मुलांना ती चार वर्षं कुठे काढलीस याच्याआधी काय काय केलंस ते विचारा. यार्डाने घेतलं. पगार तिकडच्या निम्म्याहून कमी.

(पाऊस उघडलाय. मीटर, जवळून.)

२०.८. वर, मध्यावर, तळाला, तिन्हीकडे.

"मामा, पाच मिनिटं अजून."

"तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत रे."

मामा पट्टा कमरेला आवळतात, मीटर छातीला अडकवतात आणि शिडी उतरतात. इंजिनिअर झाकणापाशी मांडी घालून बसलाय. दोर त्याच्या हातात आहे.

(आतून वेल्डिंगचा निळा उजेड.)