आबा, रांग आणि थिंद

नमस्कार मंडळी. मी उभा राहिलो की आमची ही आधी घड्याळाकडे बघते, म्हणून मुद्द्यावरच येतो.

गेल्या रविवारी सीमा ओलांडून अमेरिकेत येणाऱ्यांच्या बातम्या बघताना मी बोलून गेलो, "आम्ही रांगेत उभं राहून आलो. ही माणसं कुठूनही घुसतात." पंधरा वर्षांची नात वरणभात कालवता कालवता म्हणाली, "आबा, तुम्ही अगदी थिंदसारखं बोलता."

थिंद कोण, मला ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षं इथे काढून! मग तिनेच शाळेच्या प्रोजेक्टचे कागद पुढ्यात टाकले.

भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. बाहेरून आलेल्याला नागरिकत्व हवं तर तो गोरा तरी हवा, नाहीतर आफ्रिकी वंशाचा, असा तेव्हाचा कायदा. थिंद म्हणाले, मी उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोराच. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सामान्य माणसाच्या लेखी तुम्ही गोरे नाही. मग ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगाई १९२१ साली नागरिक झाले होते. तेही गेलं, भारतात जाऊन यायला पासपोर्ट मिळेना. १९२८ साली त्यांनी जीव दिला.

त्याआधी १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमच्या लाकूडगिरण्यांतल्या पंजाबी मजुरांना जमावाने रात्री बिछान्यातून ओढून काढलं. बहुतेक शीख, पण पेपरांत सगळे 'हिंदू'. १९१७ च्या कायद्याने तर अमेरिकेने आपल्यासाठी दारच लावून घेतलं. १९४६ मध्ये ते किलकिलं झालं, वर्षाला शंभर माणसांपुरतं. माझी ती अभिमानाची रांग खरी सुरू झाली १९६५ च्या कायद्यानंतर. मी १९७१ ला आलो, खिशात आपल्या पिढीतल्या सगळ्यांचे तेच आठ डॉलर. माझं कर्तृत्व काय, तर उशिरा जन्मलो.

थिंदनी गोरे आणि बाकीचे यांच्यातल्या रेघेला हरकत घेतली नाही. मी रेघेच्या आतला, एवढंच त्यांचं म्हणणं. आपण तरी दुसरं काय म्हणतो? गणपतीच्या जेवणाला एच-वन व्हिसावर नोकरीला आलेली नवी पोरं दिसली की "आले एच-वनवाले" असं कुजबुजणारे याच हॉलमध्ये बसलेत. हसू नका, मीही त्यातलाच.

नातीला अजून उत्तर दिलेलं नाही. आज निघताना म्हटलं, चल माझ्याबरोबर. म्हणाली, "तिथे सगळे तुमच्यासारखंच बोलतात का?"

ती घरीच आहे.