तारखा मोजणारी मुलगी

टेबलावर कालनिर्णय उघडं पडलंय. लाल पेनानं तारखांना गोल. विधी महाविद्यालयात चौथ्या वर्षाला असलेली ही मुलगी पुण्यात एका वकिलांकडे इंटर्नशिपला आली, आणि पहिला आठवडा तिनं नुसत्या तारखा मोजल्या.

पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. या न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याचं कलम १४ सांगतं: वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तिथून सहा महिन्यांत अर्ज करा. सबळ कारण असलं तर वर ६० दिवस. पुढे दार बंद. गावकरी येतात तेव्हा पिशवीत तलाठी, तहसीलदार, प्रदूषण मंडळ अशा सगळ्यांच्या पोचपावत्या असतात. त्या गोळा करण्यातच मुदत गेलेली असते.

वर्गात संविधानाचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क होता, पर्यावरणासाठी लढणाऱ्या वकील एम. सी. मेहतांचे खटले होते, वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांवरचा १९९६ चा निकाल होता. प्रदूषण करेल त्यानं भरावं, हे लिहून मार्कही पडले. ऑफिसात मात्र प्रश्न आला, बाटली कुणी सील केली? ओढ्याचं पाणी तिनं बिसलेरीच्या बाटलीत भरून आणलं होतं! १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या माणसानं कारखान्याला नोटीस देऊन घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, सील लावायचं, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. तिची बाटली अजून खिडकीत आहे. तळाशी गाळ बसलाय.

पुढे पदवी, सनद, बार कौन्सिलची परीक्षा. ते सगळ्यांनाच असतं.

आज ती कोल्हापूरकडच्या एका गावात आली आहे. उद्या बॉक्साइट खाणीची जनसुनावणी आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तसा तो मराठीत आहेही, पण असा की मराठी माणसानं दोनदा वाचावा. आदल्या रात्री देवळात बसून ती तो मोठ्यानं वाचते. सोबत अर्थ सांगते. एके ठिकाणी गावच्या ओढ्याला ‘हंगामी नाला’ म्हटलंय.

मागून एक आजोबा विचारतात, “हंगामी? मग मे महिन्यात आम्ही म्हशी कुठं धुतो, पोरी?”

ती वही उघडते. “आजोबा, किती वर्षं धुताय? आणि नेमकं कुठल्या जागी?”