विशेष शिक्षक व्हायचंय? फी भरण्याआधी हा व्हिडिओ बघा

नमस्कार मंडळी. साधं बी.एड. झालंय, वर चार आठवड्यांचा एखादा ऑनलाइन कोर्स केला की आपण विशेष शिक्षक झालो, असं समजून आजही अनेक जण पैसे भरतात. तसं होत नाही. भारतात विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक लागतो. 1992 च्या आरसीआय कायद्यातलं कलम 13 उघडून बघा. मान्य पात्रता आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसताना हे काम केलं, तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. या नोंदवहीला सगळे सीआरआर म्हणतात. मुलाखतीत पहिला प्रश्न हाच असतो, "सीआरआर नंबर आहे का?"

तो मिळवायचे मुख्य रस्ते दोन. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. स्पेशल एज्युकेशन, किंवा पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. स्पेशल एज्युकेशन. दोन्हीकडे खुल्या प्रवर्गाला साधारण 50 टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात बी.एड. जनरल आणि स्पेशल यांची सीईटी एकच आहे. 100 प्रश्न, 90 मिनिटं; बुद्धिमत्ता 40, सामान्य ज्ञान 30, शिक्षक अभियोग्यता 30. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आता जिथे सर्वात जास्त घोळ होतो तिथे येऊ. कॉलेज निवडण्याआधी शाखा निवडा. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, बहुविकलांगता या शाखा वेगवेगळ्या आहेत आणि तुमच्या प्रमाणपत्रावर शाखा लिहिलेली असते. "घराजवळ जागा मिळाली म्हणून घेतली" असं करू नका. दृष्टिदोषाची शाखा घेतली तर ब्रेल बोटांत बसवावी लागते. पाटी आणि शलाकेने लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलटं टोचायचं आणि कागद पलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. श्रवणदोषाच्या शाखेत ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, वाचता आला पाहिजे. शिवाय रोज सकाळी वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाचं श्रवणयंत्र तपासायचं. ओठ झाकून म्, ऊ, आ, ई, श्, स् हे सहा ध्वनी म्हणायचे आणि मूल कशाला प्रतिसाद देतं ते टिपायचं. काल ऐकू आलेला "स्" आज आला नाही, तर आधी यंत्राचा सेल बघायचा, मग कानात बसणारा साचा, मग नळी. खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात तर तुमचा चेहरा अंधारात जातो आणि ओठ वाचणाऱ्या मुलाचा अख्खा तास वाया जातो. या कामाची आवड आहे का, ते प्रवेश घेण्याआधी एखाद्या शाळेत आठवडाभर बसून बघा. नाशिककरांना हे सोपं आहे. बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात 1977 पासून रजनीताई लिमये यांनी उभी केलेली प्रबोधिनी ही संस्था आहे, दृष्टिहीनांसाठी सातपूरला नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन परवानगी मागा.

शाखा ठरली की मान्यता तपासा. आरसीआयची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती ठरावीक कोर्सला, ठरावीक शाखेला आणि ठरावीक मुदतीसाठी असते. म्हणजे एकाच कॉलेजच्या एका शाखेला मान्यता आणि दुसरीची मुदत संपलेली, असं असू शकतं. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत महाराष्ट्र निवडा आणि संस्थेचं नाव, कोर्स, शाखा, शैक्षणिक वर्ष या चारही गोष्टी जुळतात का बघा. त्या पानाची तारखेसह प्रिंट काढून ठेवा. "मान्यता प्रक्रियेत आहे, तुम्ही फी भरून टाका," असं कोणी सांगितलं तर तिथून सरळ घरी या. मान्यता नसलेल्या तुकडीतून पास झालात तर सीआरआरचा अर्ज नाकारला जातो, आणि गेलेली दोन वर्षं कोणी परत देत नाही.

दूरस्थ पद्धतीचं बी.एड. स्पेशल अडीच वर्षांचं, पाच सत्रांचं असतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकजवळ गोवर्धनला, गंगापूर धरणाजवळ आहे, म्हणून अभ्यासकेंद्रही नाशिकलाच मिळेल असं गृहीत धरू नका. त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत केंद्रांची आणि शाखांची यादी बघा. आणि दूरस्थ म्हणजे घरबसल्या नव्हे. संपर्क सत्रं आणि प्रात्यक्षिकं प्रत्यक्ष हजर राहूनच करावी लागतात. सुरगाणा, पेठहून येणाऱ्यांनी राहण्याचा खर्च आधीच हिशोबात धरावा.

कोर्समध्ये विद्यार्थ्यांची सर्वात जास्त दमछाक कुठे होते? वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे आयईपीत. बहुतेक जण पहिल्यांदा ध्येय लिहितात, "मुलाला पैशांची ओळख होईल." मार्गदर्शक ते खोडणारच, कारण ओळख झाली हे मोजणार कसं? असं लिहा: "10, 20 आणि 50 च्या नोटा समोर ठेवून '20 ची दे' म्हटल्यावर, मूल कोणत्याही मदतीशिवाय 5 पैकी 4 वेळा योग्य नोट देईल." खाली मुदत आणि साहित्य. नोटा खऱ्याच घ्या. खेळातल्या नोटांवर शिकलेलं मूल किराणा दुकानात अडतं.

मग नोंदी. हात धरून करून घेतलं तर शारीरिक मदत, तोंडी सांगावं लागलं तर शाब्दिक मदत, स्वतः केलं तर स्वतंत्र. प्रत्येक प्रयत्नाची खूण तिथल्या तिथे करायची. शनिवारी बसून आठवडाभराचा तक्ता भरला की तो कल्पनेतून भरला जातो आणि तोंडी परीक्षेत उघडा पडतो. अजून एक बारीक गोष्ट. 20 ची नोट तुम्ही दर वेळी मधेच ठेवत असाल, तर मूल जागा शिकतं, नोट शिकत नाही. बोलताना तुमची नजर योग्य नोटेवर गेली, तर मूल तुमचे डोळे वाचतं. जागा बदलत राहा, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवा. पाचही वेळा बरोबर उत्तर आलं आणि दुसऱ्या शिक्षकासमोर शून्य झालं, तर आधी या दोन गोष्टी तपासा.

पास झाल्यावर निकालासोबत नोकरी शोधायला धावू नका, आधी सीआरआरचा ऑनलाइन अर्ज करा. दहावीचं प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदविका किंवा पदवी प्रमाणपत्र, आधार, फोटो, सही. अर्ज अडकतो तो बहुतेकदा नावावरून. लग्नाआधीचं नाव दहावीवर, नंतरचं आधारवर, आणि मधेच वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र कोर्स चालू असतानाच काढून घ्या.

नोकरीचं चित्र बदलतंय. रजनीश कुमार पांडे खटल्यात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा मुद्दा लावून धरला. प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक, त्यापुढे 15 मागे एक. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या समूहाच्या पातळीवर, विशेष शिक्षकांच्या 4,860 पदांचा निर्णय घेतला. तरी जाहिरात आली की पात्रतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा. पहिली ते आठवीच्या सरकारी नेमणुकीत टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, अटही येते, त्यामुळे ती परीक्षा कोर्सच्या शेवटच्या वर्षातच देऊन टाका.

आणि सीआरआर नंबर मिळाला म्हणजे कायमचा मिळाला, असं नाही. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाला त्या काळात 100 सीआरई गुण, म्हणजे नोंदणीनंतर चालू ठेवलेल्या पुनर्वास शिक्षणाचे गुण, लागतात. हे गुण आरसीआयने मान्य केलेल्या कार्यशाळा आणि वेबिनारमधून मिळतात. पहिल्या वर्षापासून थोडे थोडे जमवा, कारण पाचव्या वर्षी सगळेच धावतात आणि जागा भरलेल्या असतात. प्रत्येक प्रमाणपत्रावर तुमचा सीआरआर क्रमांक बरोबर छापलाय का, ते मिळालं त्या दिवशीच बघा. चुकला असेल तर आयोजकांकडून लगेच दुरुस्त करून घ्या.