पाताता: एका शब्दाचे दोन आईबाप

माद्रिदच्या कुठल्याही हॉटेलात तोर्तिया मागवा, अंडी आणि बटाट्याचं ते जाड ऑम्लेट, तिथे बटाट्याला म्हणतात पाताता. आता विमानाने कॅनरी बेटांवर चला. देश स्पेनच, भाषा स्पॅनिशच, पण मिठाच्या पाण्यात सालासकट उकडलेले छोटे बटाटे समोर येतात त्यांचं नाव पापास आरुगादास. पेरू, मेक्सिको, अर्जेंटिनातही पापाच. मग हा पाताता आला कुठून?

कोलंबस 1492 मध्ये कॅरिबियन बेटांवर पोचला, आणि त्या भागातल्या ताईनो लोकांकडे एक गोड कंद होता, बाताता. म्हणजे आपलं रताळं, बटाटा नाही, हे नीट लक्षात घ्या कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. चाळीसेक वर्षांनी स्पॅनिश फौजा इंकांच्या पेरूत घुसल्या, तिथे अँडीज डोंगरातली केचुआ बोलणारी माणसं वेगळाच कंद खात होती, थंडीत गोठवून आणि उन्हात वाळवून वर्षानुवर्षं साठवत होती, आणि त्याला म्हणायची पापा. हा खरा बटाटा.

दोन्ही जमिनीखालचे, दोन्ही समुद्रापलीकडून आलेले, आणि नावंही जवळजवळची, त्यामुळे स्पेनमध्ये दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा शब्दकोश पातातापुढे हेच सांगतो, पापा आणि बाताता यांचा संकर. इंग्रजीतला पोटॅटोसुद्धा आधी रताळ्यालाच म्हणायचे, बटाट्याला तो नंतर चिकटला.

पोर्तुगीजांनी मात्र बाताता जसाच्या तसा ठेवला. त्यांच्याकडे बटाटा म्हणजे बाताता आणि रताळं म्हणजे बाताता दोसे, गोड बाताता. तोच शब्द त्यांच्यासोबत आपल्या किनाऱ्यावर उतरला, म्हणून उत्तरेत आलू आणि आपल्याकडे बटाटा. रताळ्याला मात्र आपल्याकडे वेगळंच नाव आहे.

मला यात सगळ्यात जास्त लागतं ते ताईनोंचं. स्पॅनिश आल्यावर काही दशकांतच साथीच्या रोगांनी आणि सक्तीच्या मजुरीने त्यांची वस्तीच्या वस्ती संपली, पुढे भाषाही बोलायची थांबली. त्यांचे थोडे शब्द तेवढे जगभर पसरले, हरिकेन त्यांचाच, कनू म्हणजे होडी ती त्यांचीच, आणि वडापावच्या गाडीवर आपण जो बटाटावडा मागतो त्यातला बटाटाही त्यांचाच.