ओळखा पाहू, खिरापत काय?

श्रोतेहो, नमस्कार.

दोन ते पाच वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते आणि धावपळ मोठी असते, त्यामुळे दोन वेळच्या जेवणावर त्याचे भागत नाही. मधल्या वेळचा खाऊ हा लाड नसून त्याच्या आहाराचाच भाग आहे. तो पौष्टिक असावा हे आपण सगळे जाणतो. मूल तो आनंदाने कसे खाईल, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी आमच्या शेजारच्या आजींची हकिगत सांगतो.

आजींचा नातू चार वर्षांचा. संध्याकाळी बिस्किटांखेरीज त्याला काही चालत नसे. फळ पुढे केले की तो मान फिरवायचा आणि मोड आलेली मटकी दिसली की पाटावरून उठायचा. नवरात्राच्या दिवसांत आजी त्याला भोंडल्याला घेऊन गेल्या. (भोंडला मुलींचा म्हणून मुलांना त्यापासून दूर ठेवणे मला मुळीच पटत नाही.) गाणी संपली, झाकलेले डबे वाजू लागले, आणि हा मुलगा सर्वांच्या पुढे जाऊन ‘गोड आहे की तिखट?’ असे विचारू लागला. आजींनी ते बरोबर हेरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा जुना मिसळणाचा डबा काढला, हळद-मोहरीचा वास जाईपर्यंत घासून उन्हात वाळवला आणि त्याच्या सहा वाट्यांत बिया काढलेला पेरू, काकडीच्या पातळ चकत्या, कुरमुरे, उकडलेले रताळे, नाचणीचा सुपारीएवढा लाडू आणि मऊ वाफवलेली चमचाभर मटकी ठेवली. सातवी वाटी रिकामी ठेवली. तिच्यात काय घालायचे ते नातवाने सांगायचे.

पहिल्या दिवशी त्याने अर्थातच बिस्कीट मागितले. आजींनी वाद न घालता एक बिस्कीट ठेवले, झाकण लावले, डबा हलवला आणि विचारले, “ओळख पाहू, खिरापत काय?” कुरमुरे त्याने आवाजावरून ओळखले, पेरू वासावरून ओळखला आणि दोन्ही खाल्ले. मटकी तशीच राहिली. आजींनी ती मुकाट्याने उचलली आणि पुढेही रोज तेवढीच ठेवत राहिल्या. एका संध्याकाळी नातवानेच डबा भरायचा हट्ट धरला, तो आजोबांपुढे नेऊन वाजवला, आणि आजोबांना मटकी ओळखता येईना तेव्हा त्यांना दाखवण्यासाठी स्वतःच चार दाणे तोंडात टाकले!

श्रोतेहो, वाटी छोटी, घास मोजके आणि सक्ती नाही, एवढेच आजींनी केले. नवी चव आवडायला मुलाला ती पुन्हापुन्हा, पुष्कळदा आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही जास्त, भेटावी लागते. काय वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे ते मुलाने. पुन्हा सांगतो, सक्ती नाही. मटकीजवळ पेरू होता हेही चांगलेच झाले, कारण पेरूतल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. भाज्यांचे ससे आणि फुले कोरत बसण्याची मात्र काहीच गरज नाही; त्या अर्ध्या तासात आईने किंवा बाबांनी मुलाशेजारी बसून त्याच डब्यातले खाणे मला अधिक मोलाचे वाटते.

एक काळजी मात्र अवश्य घ्या. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, ते घशात अडकू शकतात. त्यांचे कूट करा, द्राक्षे उभी चिरून चार फोडी करा, गाजर वाफवून द्या आणि मुलाला बसवूनच खाऊ घाला. अख्खे दाणे नकोत, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा.

मिसळणाचा जादा डबा घरात नसेल तर इडलीपात्राची एक ताटलीही चालेल. तिच्या तीन खळ्यांत तुम्ही खाऊ ठेवा आणि चौथी मुलाकडे सोपवा.