जुना लॅपटॉप टाकायच्या आधी

नमस्कार श्रोतेहो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून ओळखीतले लोक मला एकच विचारतात: मशीन धडधाकट आहे, तरी नवीन घ्यायचं का? कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. २०१५ चा लॅपटॉप त्यात बसत नाही.

माझ्या ताईचा असाच, चार जीबी रॅमचा. बटण दाबून ती कणीक मळायला जायची, परत येईपर्यंत गोल चक्र फिरतच असायचं. मी आधी विंडोजला हात लावला नाही, हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि प्रत्येक लहान फाइलसाठी तिची सुई इकडून तिकडे धावते. सुरू होताना अशा हजारो फाइली वाचायच्या असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. आपण ज्याला विंडोजचा संथपणा म्हणतो, तो पुष्कळदा या तबकडीचा असतो.

मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. सुरू झाल्यावर मेमरी एक जीबीच्या आत. मेनू डाव्या कोपऱ्यात, खाली पट्टी, म्हणून ताई बावरली नाही. तिची खरी काळजी मराठीची होती. ती इनस्क्रिप्टने लिहिते: के दाबला की क, डी दाबला की अक्षराचा पाय मोडतो. ही सरकारी प्रमाण पद्धत विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे सारखीच. सेटिंगमध्ये मराठी जोडलं आणि तिची बोटं आपोआप चालू लागली. माझ्या मते वापरायला सोपं म्हणजे हेच, बोटांना नव्यानं शिकावं लागू नये.

अडचणी आल्याच. तिच्या जुन्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी अक्षरं दाखवणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधल्या. उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा! तो फॉन्ट टाकल्यावर वाचता आल्या. स्कॅनर मात्र चाललाच नाही.

दुकानाचे हिशेब टॅलीवर असतील तर विंडोजच ठेवा. टॅली विंडोजसाठीच बनतं. नवीनच घ्यायचं असेल, तर ॲपलचे २०२० च्या एम१ चिपपासूनचे मॅक वेगवान आहेत, मॅकबुक एअरमध्ये तर पंखाही नाही. पण त्यांची रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच पुरेशी घ्या.

मिंट वापरून बघायला काही पुसावं लागत नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू करा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर कागद ओढतो का, हे बघा, मराठीत चार ओळी लिहा. पेन ड्राइव्हवरून ते थोडं हळू चालेल, त्यावरून वेग ठरवू नका. आणि पटलं, तर कायमचं बसवण्याआधी घरातले फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून, ते तिथे उघडतात ना, हे डोळ्यांनी बघून घ्या.