मुक्काम पोस्ट: तोच रंगमंच

(दृश्य: उपनगरातलं लहान सभागृह, दुपारची वेळ. मागच्या दाराने पेट्या आत येताहेत.)

ड्रमच्या पेट्या उघडण्याआधी गालिचा अंथरला जातो. त्यावर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा आहेत. बेस ड्रमचे पाय कुठे, स्नेअरचा स्टँड कुठे, गायिकेने कुठे उभं राहायचं, सगळं ठरलेलं. एकट्या ड्रमसेटला सात-आठ माईक लागतात. नव्या जागी हे मांडायचं, एकेका चॅनलची लेव्हल घ्यायची, प्रत्येक वादकाचा मॉनिटर, म्हणजे स्वतःचं वाजवणं ऐकू येण्यासाठी समोर ठेवलेला स्पीकर, जुळवायचा, यात दोन-तीन तास सहज जातात. दौऱ्यावरचा बँड हे रोज करतो आणि रात्री सगळं उतरवून पुन्हा ट्रकमध्ये भरतो.

इथे मात्र रेसिडेन्सी आहे, म्हणजे तोच बँड याच जागी पुन्हा पुन्हा वाजवतो. मांडणी पहिल्या दिवशीच ठरली आहे. साउंड मिक्सरमध्ये सगळ्या लेव्हल साठवल्या आहेत. आज सामान खुणांवर ठेवलं की फक्त प्रत्येक माईक चालतोय ना, एवढं पाहायचं. वीस मिनिटांत काम आटोपतं आणि उरलेला वेळ तालमीला मिळतो.

(दृश्य: ध्वनियंत्रकाची बोटं, मिक्सरचे फेडर.)

साठवलेल्या लेव्हलवर डोळे मिटून भरवसा ठेवला की गडबड होते. झाडलोट करताना कुणी माईक वीतभर सरकवला, तरी तो शिट्टी मारायला लागतो. शिवाय दुपारी सभागृह रिकामं असतं, आवाज भिंतींवर घुमतो. रात्री खुर्च्या भरल्या की माणसांचे कपडे आणि अंगं वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात. दुपारी लखलखीत वाटलेला गळा रात्री बोदा लागतो. म्हणून पहिलं गाणं सुरू असतानाच लेव्हल पुन्हा जुळवावी लागते.

(दृश्य: तबलजी गट्टे ठोकतोय. बाहेर पाऊस.)

मुंबईच्या पावसाळ्यात खरी गोची तबल्याची. दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडते, सूर उतरतो. हार्मोनियमची पट्टी मात्र जागची हलत नाही. मग एसी सुरू होतो, हवा कोरडी होते आणि तोच तबला चढायला लागतो. उपाय साधा आहे. एसी प्रेक्षक यायच्या दोन तास आधी लावायचा, आणि त्याचा झोत वाद्यांवर येऊ द्यायचा नाही.

(दृश्य: लास व्हेगास, रात्रीचे दिवे.)

अमेरिकेतल्या वाळवंटात नेमकं उलटं. गायिका सेलीन डियॉन २००३ ते २००७ या काळात सीझर्स पॅलेस हॉटेलच्या कलोसियममध्ये सातशेहून अधिक वेळा गायली. चार हजारांवर खुर्च्यांचं ते सभागृह तिच्यासाठीच बांधलेलं, आणि तिचा गळा कोरडा पडू नये म्हणून रंगमंचावरच्या हवेत ओलावा राखायची सोयही तिथे होती.

एकाच कलाकाराने एकाच जागी, ठरलेल्या मुदतीत, पुन्हा पुन्हा कार्यक्रम करायचे, ही झाली रेसिडेन्सी. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडने जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन रात्री वाजवलं, पण तो दौऱ्यातला मुक्काम होता. गायक-पियानोवादक बिली जोएल न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २०१४ ते २०२४ साधारण महिन्यातून एकदा वाजवायचा. अधल्यामधल्या दिवशी तिथे बास्केटबॉल आणि आइस हॉकी, म्हणजे मांडणी दर वेळी नव्याने. तरी ती रेसिडेन्सीच. तारखा ठरलेल्या, जागा ठरलेली.

व्हेगासमध्ये लिबराची हा पियानोवादक १९४४ साली वाजवू लागला. एल्विस प्रेस्ली ३१ जुलै १९६९ रोजी इंटरनॅशनल हॉटेलात उभा राहिला आणि १९७६ पर्यंत तिथेच परत येत राहिला. गाण्यातून फारसं सुटलं नाही तरी हॉटेलवाल्यांना चालायचं. कमाई शेजारच्या जुगारघरात होती.

(दृश्य: अपोलो बंदर, ताजचा घुमट. मग जुनी छायाचित्रं.)

मुंबई मात्र व्हेगासच्या आधीची. १९३५ साली लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. मिकी कोरिया यांचा बँड तर ताजमध्ये जवळपास दोन दशकं टिकला. रात्री बॉलरूममध्ये वाजवायचं, सकाळी फिल्मचं रेकॉर्डिंग गाठायचं, असा कित्येक वादकांचा दिनक्रम होता. ताजमध्ये वाजवणारा गोव्यातल्या आल्दोन्याचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, संगीतकार चितळकरांचा, आपल्या सी. रामचंद्रांचा, साहाय्यक झाला. भगवानदादांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’त तो बँडसकट पडद्यावर दिसतो. या चित्रपटातला स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, कुठून आला, याचं उत्तर पगारावर रोज वाजवणाऱ्या या बँडमध्ये आहे.

(दृश्य: चर्चगेट, वीर नरिमन रोड, संध्याकाळची गर्दी.)

पुढची रांग या भागात. अँबॅसडर हॉटेलच्या ‘द अदर रूम’मध्ये पियानोवादक टोनी पिंटो. ॲस्टोरियाच्या ‘व्हेनिस’मध्ये बँडप्रमुख ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना. गेलॉर्ड रेस्टॉरंट अजून उघडं आहे. करमणूक कर वाढला, डिस्को आला, एकेक बँड उठला.

(दृश्य: पुन्हा सभागृह. वादक तालीम करताहेत.)

आजच्या वादकाला ‘नाइट’ मिळते, कार्यक्रमापुरती. तालमीचे पैसे बहुधा नाहीत, म्हणून तालीमही जेमतेम. रेसिडेन्सीचा हिशोब तिकिटाच्या दरावरून मांडतात, तो वादकाच्या या कमाईपासून मांडायला हवा.

सुरुवात लहान सभागृहातूनच बरी. रात्री १० नंतर उघड्यावर एरवी ध्वनिक्षेपक लावता येत नाही, बंदिस्त सभागृहाला नियमात सूट आहे. शनिवार-रविवार नाटकांना जातात, त्यामुळे मंगळवार किंवा बुधवार मागावा आणि बारा आठवडे तोच वार पक्का करावा. ड्रमसेट आणि स्टँड ठेवायला कुलपाची एक खोली करारातच लिहून घ्यावी, नाहीतर दर आठवड्याला टेम्पोचं भाडं बोकांडी बसतं. आणि वादकांचा करार नाइटवर न करता महिन्यावर करावा, तालमीचे दिवस धरून.